खानदेशातील नगरपरिषदेच्या शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: हद्द, घरपट्टी, पाणी, अर्ज आणि प्रभाग

बदलीने भुसावळला आलेले कर्मचारी, मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यावरचे घर बंद करून चोपड्यात किंवा शहाद्यात भाड्याने राहणारी शेतकरी कुटुंबे, निवृत्तीनंतर अमळनेरला प्लॉट घेऊन घर बांधणारे शिक्षक, या सर्वांना पहिल्या पावसाळ्यात एकच प्रश्न पडतो: घरासमोर साचलेल्या पाण्याबद्दल सांगायचे कोणाला? खेड्यात सरपंच ओळखीचा असतो आणि मोठ्या महानगरात प्रभाग कार्यालय असते. जळगाव आणि धुळे ही २००३ साली महानगरपालिका झालेली दोन शहरे सोडली, तर खानदेशातील बाकीची शहरे नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची आहेत आणि त्यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. लोकसंख्या एक लाखाहून अधिक असल्यास अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असल्यास ब वर्ग आणि त्याहून कमी असल्यास क वर्ग, असे या नगरपरिषदांचे वर्ग आहेत. भुसावळसारख्या अ वर्ग नगरपरिषदेत प्रत्येक विभागाला वेगळा अभियंता भेटू शकतो. क वर्गाच्या गावी एकच अभियंता बांधकाम, पाणी आणि गटारी असे सगळे पाहत असतो. त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्यावरून ठरवावे.

पुढील पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नये. अनेक जण पहिल्याच दिवशी आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसतात, तेथून एक फोन होतो, दोन दिवस घंटागाडी वेळेवर येते आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आधी काम कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहावे, मग कागद करावा आणि त्यानंतरच माणसांना भेटावे, असा माझा स्पष्ट आग्रह आहे.

पहिली पायरी: आपण नक्की कोणाच्या हद्दीत राहतो ते पाहणे

ही पायरी बहुतेकांना अनावश्यक वाटते आणि बहुतेकांचे घोडे येथेच अडते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडील प्रत्येक तालुक्याच्या गावाभोवती शेतजमिनी बिनशेती होऊन कॉलन्या उभ्या राहिल्या. कॉलनीचे नाव शहराच्या पत्त्यावर सांगितले जाते, रिक्षावाला शहरातलेच भाडे घेतो, परंतु जमीन मात्र शेजारच्या ग्रामपंचायतीत असते. अशा कॉलनीतील रहिवाशाने नगरपरिषदेत कितीही हेलपाटे घातले, तरी तेथील लिपिक त्याला हात जोडून परत पाठवणार आणि त्यात त्याची काही चूक नसणार. कोणाची पावती मिळते यावरून उत्तर लगेच कळते: घराचा उतारा नमुना आठचा असेल तर आपण ग्रामपंचायतीत आहोत, आणि नगरपरिषदेची घरपट्टी येत असेल तर शहरात. भाडेकरूंनी घरमालकाकडून या पावतीची झेरॉक्स मागून घ्यावी.

घर हद्दीत असले, तरी रस्ता नगरपरिषदेचा असेलच असे नाही. ज्या ले-आऊटमध्ये विकासकाने रस्ते, गटारी आणि खुली जागा, म्हणजे आपण सारे जिला ‘ओपन स्पेस’ म्हणतो ती, नगरपरिषदेकडे रीतसर हस्तांतरित केलेली नाही, तेथे ‘रस्ता आमच्या ताब्यात नाही’ हे उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहते. म्हणून गट क्रमांक आणि प्लॉट क्रमांक घेऊन नगररचना विभागात मंजूर ले-आऊटची प्रत मागावी आणि हस्तांतरण झाले आहे का, हे लेखी विचारावे. प्लॉट विकत घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारा ग्राहक विरळाच. तो विचारला गेला असता तर निम्म्या कॉलन्यांचा चिखल कमी झाला असता.

याखेरीज काही कामे मुळातच दुसऱ्यांची असतात. पारोळा, एरंडोल या शहरांच्या अंगाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग (जुना क्रमांक ६, आताचा ५३) नगरपरिषदेचा नाही. भुसावळात रेल्वे वसाहतीतील रस्ते आणि सफाई रेल्वे प्रशासनाकडे आहे. पथदिव्याचा खांब बहुधा महावितरणचा असतो आणि त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा, त्यामुळे दिवा बंद असेल तर नगरपरिषद आणि तार लोंबत असेल तर महावितरण, हे लक्षात ठेवले की एक फेरी वाचते.

दुसरी पायरी: घरपट्टीला आपले नाव लावून घेणे

खरेदीखत नोंदवले म्हणजे सर्वत्र आपले नाव लागले, हा समज चुकीचा आहे. सातबारा उतारा तलाठ्याकडे, मालमत्ता पत्रक भूमी अभिलेख खात्याकडे आणि कर आकारणीची नोंद नगरपरिषदेच्या कर विभागात, अशा या वेगवेगळ्या नोंदी आहेत. नगरपरिषदेत नाव दाखल करण्यासाठी खरेदीखताची प्रत, आधीच्या मालकाची थकबाकी नसल्याचा दाखला आणि अर्ज एवढे लागते. फेरफार शुल्क स्थानिक दरानुसार असते. थकबाकी आधीच्या मालकाची आहे असे म्हणून भागत नाही, कारण कर मालमत्तेवर बसतो आणि वसुलीला आलेला कर्मचारी दार आपलेच वाजवतो.

कर आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. तेव्हा आलेली नोटीस दाराच्या फटीत खोचून ठेवू नये. त्यात घराचे क्षेत्रफळ, वापर (राहण्यासाठी की दुकानासाठी) आणि बांधकामाचा प्रकार या तीन गोष्टी तपासाव्यात. आपल्याकडे जुन्या गावठाणात मातीची धाब्याची घरे अजून उभी आहेत, आणि त्यांची नोंद पक्क्या आरसीसी बांधकामात झाली असेल, किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेला गाळा म्हटले असेल, तर आकडा फुगतो. हरकत नोटिशीत दिलेल्या मुदतीतच घ्यावी लागते आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे लागते. मुदत गेल्यावर रस्त्यात भेटलेल्या नगरसेवकाकडे गाऱ्हाणे सांगण्यात अर्थ नाही.

सुविधा मिळत नाहीत म्हणून घरपट्टी भरायची नाही, असा सल्ला कॉलनीच्या बैठकीत कोणी ना कोणी देतोच. तो ऐकू नये. थकीत करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, नळजोडणी तोडली जाते आणि पुढे कोणतीही तक्रार घेऊन गेले की पहिला प्रश्न थकबाकीचाच येतो.

तिसरी पायरी: पाण्याचे वेळापत्रक आणि व्हॉल्व्हमन

नव्या माणसाला सर्वांत अधिक धक्का पाण्याचा बसतो. रोज पाणी ही सवय येथे सोडावी लागते. कोठे दोन दिवसांआड, कोठे चार दिवसांआड आणि उन्हाळ्यात त्याहूनही अंतराने पाणी सुटते. जळगावला वाघूर धरणाचे, नंदुरबारला विरचक धरणाचे, भुसावळ व अमळनेरला तापीचे आणि चाळीसगावला गिरणेचे पाणी येते. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे. तेथून पिण्यासाठी नदीपात्रात आवर्तन, म्हणजे धरणातले ठरावीक वेळचे पाणी, कधी सोडायचे, हा निर्णय नगरपरिषद घेत नाही. काठावरच्या शहरांत पाणी लांबले, तर आधी आवर्तनाची बातमी पाहावी आणि मगच पाणीपुरवठा विभागाला जाब विचारावा.

आवर्तन सुटले आहे, धरणात साठा आहे, शेजारच्या गल्लीत पाणी आले आणि आपल्याकडे नाही, तर मात्र अडचण गावातलीच आहे. प्रत्येक भाग एका जलकुंभाशी जोडलेला असतो आणि त्या भागाचे व्हॉल्व्ह उघडण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे असते. तो सायकलवर किंवा मोटारसायकलवर, हातात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातील चेंबरचे झाकण सरकवतो, आत वाकून दहा-बारा आटे फिरवतो आणि पुढच्या चेंबरकडे जातो. त्याला भाऊ म्हणून थांबवून आपला भाग कोणत्या जलकुंभावर आहे, आपल्या आधी कोणती गल्ली आहे आणि आपला क्रम कितवा आहे, एवढे विचारून घ्यावे. एवढी माहिती हाती आली की कार्यालयातील चर्चेला वेगळेच वजन येते. उताराच्या शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही त्याचे कारण पुष्कळदा वरच्या घरांनी नळाला थेट जोडलेली विजेची मोटार असते. ती बेकायदेशीर आहे आणि तिची तक्रार करता येते. मात्र शेजाऱ्याचे नाव घेऊन तक्रार करण्यापेक्षा संपूर्ण गल्लीची तपासणी मागणे शहाणपणाचे, कारण उद्या हळदी-कुंकवाला त्याच घरी जायचे असते.

चौथी पायरी: अर्ज कसा लिहावा आणि पोच कशी घ्यावी

छोट्या शहरात तोंडी सांगण्याची सवय फार. अभियंता चहाच्या टपरीवर भेटतो, ‘सांगतो माणसाला’ म्हणतो आणि त्याच्या मनात तसे खरोखर असते. परंतु संध्याकाळपर्यंत अशी वीस कामे त्याच्या कानावर पडलेली असतात. लेखी अर्जाला पर्याय नाही.

बहुतेकांचा अर्ज असा असतो: ‘आमच्या परिसरात अस्वच्छतेचे साम्राज्य पसरले असून प्रशासनाने तातडीने लक्ष घालावे.’ अशा अर्जावर कोणत्याही कर्मचाऱ्याला काहीही करता येत नाही. त्याऐवजी विषयाच्या ओळीतच जागा आणि काम यावे: ‘प्रभाग क्रमांक अमुक, गट क्रमांक अमुक, प्लॉट क्रमांक १४ ते १८ समोरील गटारीचा चौकातील नळी खालील भाग गाळाने बंद झाल्याने सांडपाणी रस्त्यावर येत असल्याबाबत.’ मजकुरात केव्हापासून हे घडते, किती घरांना त्रास होतो, शाळेचा किंवा दवाखान्याचा रस्ता आहे का, एवढे चार-पाच वाक्यांत लिहावे. एका अर्जात एकच विषय घ्यावा. गटार, कुत्रे आणि दिवे एकत्र लिहिले की तो अर्ज तीन विभागांत फिरतो आणि तिघांपैकी एकाकडे विसावतो. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा. ते प्रशासनाचे प्रमुख असतात आणि लोक त्यांना सीओ साहेब म्हणतात. सह्या पाच-सात घरांच्या असाव्यात, त्यांत शक्यतो महिलांच्याही, कारण पाणी आणि गटारीबद्दल त्यांनाच अधिक नेमके सांगता येते. दोन छायाचित्रे जोडावीत.

अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून परत फिरू नये. नगरपरिषदेत आवक-जावक विभाग असतो. तेथे अर्ज द्यावा, आपल्या प्रतीवर गोल शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा. शिक्का उमटला पण क्रमांक लिहिलेला नाही, असे पुष्कळदा होते. ‘दादा, तेवढा नंबर टाकता का’ असे नम्रपणे म्हणून तो लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात त्या क्रमांकाचाच आधार असतो. अर्जाची एक प्रत आपल्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना द्यावी.

पाचवी पायरी: नगरसेवक, नगराध्यक्ष आणि समित्या

नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडून येतात आणि नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होते. बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या झाल्या. मधल्या काळात प्रशासक असल्याने सगळे निर्णय एकाच टेबलावर होत आणि नागरिकांना तीच सवय लागली. आता पुन्हा स्थायी समिती आणि बांधकाम, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या यांच्यामार्फत कामे चालतात. आपल्या प्रभागाचे दोघे कोणत्या समितीवर आहेत हे विचारून घ्यावे. पाणीपुरवठा समितीचा सभापती शेजारच्या प्रभागातला असेल, तर पाण्याच्या प्रश्नात त्याला भेटणे अधिक उपयोगाचे.

आपल्याकडे राजकीय माणसाला दादा, भाऊ, आबा, आप्पा, नाना, अण्णा अशाच नावाने हाक मारतात आणि कित्येकांची खरी नावे मतपत्रिकेवरच कळतात. नव्या माणसानेही तसेच संबोधावे, त्यात कमीपणा नाही. महिला सदस्यांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. त्यामुळे पुष्कळ प्रभागांत ताई निवडून आलेल्या असतात आणि फोन मात्र त्यांच्या यजमानांकडे असतो. सभेत मत देण्याचा अधिकार ताईंचा आहे, सही त्यांची लागते, म्हणून निवेदन त्यांच्याच हाती द्यावे आणि विषय त्यांनाच समजावून सांगावा. काही वर्षांत यातूनच बोलणाऱ्या नगरसेविका तयार झालेल्या खानदेशाने पाहिल्या आहेत.

हिवाळ्यात शेतावर होणाऱ्या भरीत-पुरीच्या पंगतीला बोलावणे आले, तर जरूर जावे. वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली जात असताना कोणाचे कोणाशी जमते आणि कोणत्या रस्त्याला कोणता निधी येणार आहे, याची जेवढी माहिती तेथे मिळते तेवढी कोणत्याही फलकावर मिळत नाही. मात्र तेथे ऐकलेल्या गोष्टीची खात्री कागदावरून करून घ्यावी.

सहावी पायरी: काम झाले नाही तर

पंधरा दिवस ते तीन आठवडे वाट पाहून आवक क्रमांकाचा उल्लेख करत स्मरणपत्र द्यावे. त्यानंतर तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

दाखला, नोंद किंवा अधिसूचित सेवा अडली असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू होतो. प्रत्येक सेवेची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयाच्या फलकावर असले पाहिजे. मुदतीत सेवा न दिल्यास किंवा कारण न देता नाकारल्यास दोन अपिले आणि त्यानंतर आयोग अशी वाट आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

माहिती हवी असेल, जसे कामाचा आदेश, अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेले देयक, तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास तीस दिवसांत वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिले अपील करावे. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते. ‘रस्ता का केला नाही?’ हा माहितीचा प्रश्न होत नाही. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी’ हा होतो.

गाऱ्हाणे अडले असेल, तर लोकशाही दिन आहे: तालुक्यात महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. सगळ्या कॉलनीच्या वतीने केलेला मोघम अर्ज तेथे टिकत नाही. म्हणून ‘माझ्या घरासमोर’ असा तो लिहावा. नगरपरिषदेचा एखादा ठरावच बेकायदेशीर वाटत असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

मे महिन्यात निघणाऱ्या हंडा मोर्चांबद्दल येथेच सांगितलेले बरे. मोर्चा काढण्यात गैर काही नाही, परंतु त्याच्या मागे आवक क्रमांकांची तीन-चार पत्रे नसतील, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रिकाम्या हंड्यांचे छायाचित्र येते आणि हातात तोंडी आश्वासन राहते.

सातवी पायरी: अर्थसंकल्पापूर्वी मागणी

रस्ता, गटार, उद्यान अशी खर्चाची कामे तक्रारीने होत नाहीत, ती तरतुदीने होतात. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजूर होतो, त्यामुळे मागणीचा अर्ज दिवाळी संपताच गेला पाहिजे. सर्वसाधारण सभा एरवी नागरिकांसाठी खुली असते. प्रेक्षक म्हणून बसता येते, बोलता येत नाही. एकदा तरी बसून यावे. विषयपत्रिकेवरील चाळीस विषय कसे भराभर मंजूर होतात आणि एखाद्या गाळ्याच्या भाड्यावर कशी तासभर जुंपते, हे पाहिल्यावर आपला विषय कोणत्या सदस्याच्या तोंडी घालावा हे आपोआप कळते. काय ठरले ते इतिवृत्तात असते आणि त्याची प्रत मागता येते.

आठवी पायरी: कॉलनी आणि शेजार

कॉलनीचे मंडळ असेल तर वर्गणी देऊन सभासद व्हावे. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, बसते त्या रविवारी ज्या घरी ती असते तेथे दर्शनाला जावे आणि सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत चार पावले चालावे. गल्लीतील ओळख त्या दोन दिवसांत होते तेवढी वर्षभरात होत नाही. गणेशोत्सवापूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिला नव्या रहिवाशांनीही जाण्यास हरकत नाही. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि विसर्जनाची जागा यांवर तेथेच बोलता येते.

खुल्या जागेवर मंदिर, सभामंडप की मुलांसाठी मैदान, हा वाद प्रत्येक कॉलनीत कधीतरी उभा राहतो. नव्या माणसाने पहिल्याच वर्षी त्यात बाजू घेऊ नये, परंतु ती जागा कोणाच्या नावावर आहे आणि बांधकामाची परवानगी घेतली आहे का, हे दोन प्रश्न बैठकीत शांतपणे विचारावेत.

नववी पायरी: मतदार यादी

ही पायरी शेवटी लिहिली असली, तरी तिचे काम पहिल्या महिन्यातच सुरू करावे. प्रथमच नाव नोंदवणाऱ्यांनी नमुना सहा आणि दुसऱ्या मतदारसंघातून नाव हलवणाऱ्यांनी नमुना आठ भरावा. वयाच्या अटीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. राज्य निवडणूक आयोग नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो. त्यामुळे प्रारूप प्रभाग यादी प्रसिद्ध झाल्यावर नवीन नाव घालण्याची मागणी केली तर ती फेटाळली जाते. तेव्हा फक्त विधानसभेच्या यादीत असलेले आपले नाव चुकीच्या प्रभागात गेले असल्यास किंवा गळले असल्यास हरकत घेता येते. कॉलनीच्या मधून प्रभागाची सीमा जात असेल, तर हे हमखास घडते: रस्त्याच्या एका बाजूची घरे एका प्रभागात, समोरची दुसऱ्या प्रभागात, आणि भाऊबंदांपैकी निम्मी नावे भलत्याच बूथवर. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागते. ती पाहायला जाताना घरातील सर्वांची मतदार ओळखपत्रे बरोबर न्यावीत आणि फक्त स्वतःचे नाव पाहून परत येऊ नये.